खोटं बोलणाऱ्याची साक्ष

पुढच्या पानांत एडगर ॲलन पो या अमेरिकी लेखकाच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेचा मराठी अनुवाद आहे आणि त्यामागोमाग तिच्या नायकाचा सविस्तर अभ्यास. ही कथा जानेवारी 1843 मध्ये बोस्टनच्या ‘द पायोनियर’ या मासिकाच्या पहिल्याच अंकात आली. पंधरा-वीस मिनिटांत वाचून होते. एक माणूस एका म्हाताऱ्यासोबत एका घरात राहतो. म्हाताऱ्याने त्याचं काही वाकडं केलेलं नाही, त्याच्या पैशावर याचा डोळा नाही. तरी म्हाताऱ्याच्या एका निळसर, पडदा आलेल्या डोळ्यापायी तो त्याला मारायचं ठरवतो, मारतो, प्रेताचे तुकडे करून खोलीतल्या फळ्यांखाली दडवतो आणि चौकशीला आलेल्या तीन पोलिसांना त्याच खोलीत खुर्च्या मांडून बसवतो, स्वतःची खुर्ची तर नेमकी त्या फळ्यांवर ठेवतो. मग त्याला खालून म्हाताऱ्याचं काळीज धडधडताना ऐकू यायला लागतं आणि तो स्वतःच ओरडून गुन्हा कबूल करतो. हे सगळं तोच आपल्याला सांगतो. दुसरा साक्षीदार नाही.

बीड जिल्ह्यातल्या कॉलेजच्या वर्गात ही कथा वाचली की पहिला शेरा ठरलेला असतो : “सर, येडंच होतं की ते.” वर्गाला तेवढ्यावर समाधान वाटतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, “येडा होता तर पोलिसांशी खोटं कसं बोलला?” हा अभ्यास त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

लबाड आणि अस्थिर अशी दोन विशेषणं एकाच माणसाला लागतात तेव्हा वाचक त्यातलं एक दुसऱ्यात बुडवून टाकतो. एक तर म्हणतो, डोकं फिरलेलं आहे, त्याच्या बोलण्याला काय अर्थ. नाहीतर म्हणतो, सगळं नाटक आहे, पक्का बनेल माणूस. दोन्ही वेळा त्याला वाचायचं काम संपतं. माझं म्हणणं असं, की चांगल्या गुन्हेकथेत हे दोन धागे वेगवेगळे विणलेले असतात, आणि कुठला धागा कुठे दुसऱ्याला ओढतो हे पाहिल्याशिवाय तो माणूस हाती लागत नाही.

धागे वेगळे कसे ओळखायचे? त्यासाठी पोच्या नायकाशेजारी मी दोन माणसं उभी करणार आहे. एक कादंबरीतला, एक खरा.

कादंबरीतला माणूस आपल्या मुलखाच्या जवळून गेलेला आहे. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज मुलगा 1824 मध्ये हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या चाकरीत लागला. पोलिसी कामासाठी काही वर्षं तो तुळजापूरला होता, आणि 1853 च्या तहानंतर नळदुर्गाचा कारभार त्याच्याकडे आला. ही दोन्ही ठिकाणं आज शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहेत. त्या काळी हा सगळाच मुलूख निजामाचा होता, आपलं अंबाजोगाईसुद्धा तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखलं जायचं. टेलरच्या हद्दीतल्या रस्त्यांवर 1829 च्या सुमारास वाटसरूंची प्रेतं सापडत होती. शोध त्याच्या हाताशी आला होता, पण त्याला फौजेत परत पाठवलं गेलं आणि वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांच्या शोधाचं श्रेय पुढे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर जमा झालं. ही रुखरुख टेलरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. 1832 मध्ये त्याची गाठ एका ठगाशी पडली. तो माफीचा साक्षीदार झालेला होता. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या जबान्यांमधून 1839 मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी उभी राहिली. पोच्या कथेच्या चार वर्षं आधी.

तिचा नायक अमीर अली कैदेत बसून साहेबाला आपली हकिगत सांगतो. 719 माणसं मारल्याचं तो सांगतो, आणि पकडला गेलो नसतो तर आकडा हजारावर नेला असता अशी हळहळ करतो. ठगांच्या टोळीत कामं वाटून दिलेली असत. गोड बोलून वाटसरूंना सोबतीला घेणारा तो सोठा, गळ्याला रुमाल आवळणारा भुर्तोत, खड्डा खणणारा लुघाई. अमीर अली आधी लोकांचा विश्वास कमावतो, त्यांच्यासोबत जेवतो, त्यांच्या सुखदुःखाच्या गोष्टी ऐकतो, मग खून करतो. मन मात्र ठिकाणावर. त्याला भास होत नाहीत, रात्री दचकून जाग येत नाही. तुरुंगातही तो कपड्यालत्त्याने नीटनेटका आहे. लहानपणी त्याच्या आईबापांना ज्या ठगाने मारलं त्यानेच त्याला वाढवलं, आणि पुढे अजाणता तो स्वतःच्या बहिणीचाही जीव घेतो. एवढं कळूनही त्याच्या सांगण्याची घडी विस्कटत नाही. लबाडी आहे, अस्थिरता नाही, असा हा माणूस.

दुसरा माणूस मुंबईचा. 1960 च्या दशकात उत्तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या गरिबांची डोकी फोडून खून होत होते. गुन्हे शाखेच्या रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला आणि ऑगस्ट 1968 मध्ये रमन राघव पकडला गेला. सुरुवातीला तो तोंडच उघडेना. त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, ते दिल्यावर बोलू लागला, आणि मग त्याने काही हातचं राखलं नाही. खून सांगितले, लपवलेलं हत्यार नेऊन दाखवलं. सेशन कोर्टाने फाशी दिली. हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करवली. मन पार ढासळलेलं आहे असा निष्कर्ष निघाला, आणि 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो गेला. तो निरनिराळ्या नावांनी वावरला होता हे खरं, पण एकदा बोलायला लागल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी त्याने गोष्ट रचली नाही. इथे अस्थिरता आहे, आणि लबाडी जवळजवळ नाही.

आता पोचा नायक या दोघांच्या मध्ये आणून उभा करा. खुनाच्या आधीचे सात दिवस तो म्हाताऱ्याशी जितका प्रेमाने वागला तितका आधी कधीच वागला नव्हता, हे तो स्वतःच सांगतो. रोज मध्यरात्री दार किलकिलं करून झाकलेल्या कंदिलाची एक तिरीप त्या मिटलेल्या डोळ्यावर टाकायची, आणि सकाळी खोलीत जाऊन नाव घेऊन आपुलकीने विचारायचं, रात्री झोप कशी लागली? हा शुद्ध सोठा आहे. अमीर अलीने त्याला आपल्या टोळीत घेतलं असतं. पण त्याला मारायचं असतं ते एका डोळ्याला. सात रात्री डोळा मिटलेला सापडला म्हणून म्हातारा सात दिवस जगला. हे अमीर अलीला कधी कळलं नसतं. कट रचणारी बुद्धी चोख आहे आणि कटाचं कारण रोगट आहे. माझ्या मते कथेचा सगळा जोर या सांध्यावर आहे, आणि वर्गातला पहिला शेरा नेमका इथे कमी पडतो.

कायद्यानेही याच सांध्यावर बोट ठेवलं होतं, तेही त्याच वर्षी. जानेवारी 1843 मध्ये लंडनला डॅनियल मॅकनॉटन या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. सारं सरकार आपल्या मागे लागलं आहे असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मार्चमध्ये तो वेडाच्या कारणावरून सुटला, मोठा गदारोळ झाला, आणि न्यायाधीशांनी नियम घालून दिले : मनाच्या रोगामुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का, एवढं पाहायचं. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 84 याच विचारातून आलं, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 22 म्हणून आहे. मनाचा आजार असणं वेगळं आणि कायद्याने त्याची सुटका होणं वेगळं, हे आपली न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. पोच्या नायकाला या फुटपट्टीने मोजलं तर तो सुटणं अवघड आहे. त्याने प्रेत दडवलं. रक्ताचा डाग पडू नये म्हणून टबाचा वापर केला आणि त्याचा त्याला अभिमानही आहे. शेजाऱ्याने किंकाळी ऐकली म्हणून पोलिस आले तेव्हा त्याने सांगितलं, किंकाळी माझीच, स्वप्नात ओरडलो, आणि म्हातारा गावाला गेला आहे. जे लपवायचं ते चूक आहे हे माहीत असल्याशिवाय माणूस इतक्या निगुतीने लपवत नाही.

न्यायाधीशाचं काम इथे संपतं. वाचकाचं संपत नाही, कारण सगळी हकिगत याच माणसाच्या तोंडून आलेली आहे आणि तिच्यातलं काय मानायचं हे कुणी ठरवून दिलेलं नाही. इथे मला न्यायालयाचीच एक जुनी रीत फार उपयोगाची वाटते. गुन्ह्यात सामील असलेला माणूस माफीचा साक्षीदार होतो तेव्हा त्याची साक्ष फेकून देत नाहीत आणि डोळे मिटून घेतही नाहीत. 1872 च्या पुरावा कायद्याने अशी साक्ष चालते असं सांगितलं, आणि त्याच कायद्याने बजावलं की महत्त्वाच्या तपशिलांत दुसरीकडून पुष्टी मिळेपर्यंत ती विश्वासाला अपात्र समजायला हरकत नाही. 1 जुलै 2024 पासून कायदा बदलला, तत्त्व तेच राहिलं. मराठी वाचकांना हे पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडामुळे चांगलं ठाऊक आहे. 1976-77 मध्ये अभिनव कला महाविद्यालयातल्या तरुणांनी दहा खून केले. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला, आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्या साक्षीशिवाय खटला उभा राहणं कठीण होतं. तिच्या एकटीच्या बळावर तो उभा करणंही योग्य झालं नसतं.

कथेत मात्र दुसरीकडून पुष्टी येणार कुठून? पंचनामा नाही, उलटतपासणी नाही. म्हणून पुष्टी त्याच्याच शब्दांत शोधावी लागते. या पुस्तकात मी त्याची वाक्यं तीन नजरांनी पाहिली आहेत. आपण शहाणे आहोत हे पटवायला तो जे जे बोलतो ते सगळ्यांत आधी बाजूला ठेवायचं, कारण त्यात त्याचा फायदा आहे. त्याच्याच विरुद्ध जाणारं वाक्य निसटलं तर तिथे थांबायचं. आणि ज्या तपशिलाची कुणी मागणीच केलेली नाही तो त्याने का पुरवला, हे विचारायचं. यातली तिसरी नजर सर्वांत फळते.

एकच उदाहरण इथे देतो, बाकीची पुढे आहेत. आठव्या रात्री त्याचा अंगठा कंदिलाच्या पत्र्यावरून घसरतो, म्हातारा दचकून उठून बसतो आणि कोण आहे म्हणून विचारतो. हा अंधारात तासभर हलत नाही. मग म्हातारा कण्हतो, आणि आपला नायक म्हणतो की हे कण्हणं मी ओळखतो. कित्येक मध्यरात्री ते त्याच्या स्वतःच्या छातीतून निघालेलं असतं. हे सांगायची त्याला काहीही गरज नव्हती. त्याची बाजू याने बळकट होत नाही. पण या एका वाक्यात तो पहिल्यांदा खरा दिसतो : रात्री एकटा भीतीने कण्हणारा माणूस. त्यानंतर म्हाताऱ्याच्या मनात काय चाललं असेल ते तो सविस्तर सांगतो. धुराड्यातला वारा असेल, उंदीर असेल, रातकिडा असेल, अशी म्हातारा स्वतःची समजूत घालतो आहे, वगैरे. हे त्याला कसं कळलं? खोलीत काळोख आहे आणि म्हातारा बोललेला नाही. ही समजूत याने स्वतःची, आपल्या खोलीत, अनेकदा घातलेली असणार. म्हाताऱ्याच्या अंगावर त्याने आपली भीती चढवली आणि मग तिच्यासकट त्याला मारलं. काळजाची धडधड कुणाची होती यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला ती त्याची स्वतःचीच वाटते, आणि तसं वाटण्याचं कारण हे कण्हणं आहे.

शेवटाकडेही असंच. पोलिस गप्पा मारत बसलेले असतात. त्याला वाटू लागतं की यांना सगळं कळलं आहे आणि मुद्दाम सोंग करून ते आपली टर उडवत आहेत. सोंग केलं होतं त्याने, तेही आठवडाभर. त्याचा आरोप मात्र समोरच्यांवर जातो. इथे लबाडी आणि अस्थिरता एकमेकींत मिसळतात. फसवणारा मनुष्य फसवणुकीशिवाय दुसरं काही पाहू शकत नाही, आणि त्या पाहण्यानेच त्याचा तोल जातो. अमीर अलीच्या आणि रमन राघवच्या हकिगतीत हा क्षण येत नाही.

मराठीत गुन्ह्याची गोष्ट भरपूर वाचली गेली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गावोगावच्या वाचनालयांत त्यांची पानं फाटेपर्यंत फिरली. तिथे लक्ष असायचं ते झुंजारवर, काळ्या पहाडावर, म्हणजे पकडणाऱ्यावर. मनाच्या आतल्या काळोखाकडे रत्नाकर मतकरी त्यांच्या गूढकथांतून वळले. गुन्हेगाराच्या तोंडून आलेली, पावलोपावली संशय घेत वाचावी लागणारी छोटी कथा मात्र आपल्याकडे अजून विरळ आहे, आणि तिच्या वाचनाची सवयही. ती सवय लागावी ही माझी इच्छा आहे, आणि त्यामागे साहित्याबाहेरचंही एक कारण आहे.

9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि आपल्या जिल्ह्याचं नाव महाराष्ट्रभर एका विशिष्ट सुरात घेतलं जाऊ लागलं. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर इथे बोलणं योग्य नाही. मला बोलायचं आहे ते त्यानंतर आपल्या चौकांत आणि मोबाइलवर जे ऐकू येत राहिलं त्याबद्दल. कुठलाही गुन्हा घडला की दोनच वाक्यं फिरतात : ‘त्याचं डोकं फिरलं’ नाहीतर ‘ती माणसंच तसली’. पहिल्या वाक्याची किंमत मनाच्या आजाराने त्रासलेली माणसं भरतात. अशी माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसा सोसतात जास्त, हे डॉक्टर कळकळीने सांगत आले आहेत. अंबाजोगाईला 1974 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी अजून कित्येक घरांतून अशा माणसाला आधी देवऋषाकडे नेलं जातं, कारण घरात ‘येडं’ आहे हे शेजाऱ्यांना कळायला नको असतं.

दुसऱ्या वाक्याचा इतिहास ठगांपाशी जाऊन पोचतो. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून 1836 मध्ये कायदा झाला, आणि टोळीत असणं एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला. साहेबाला काय ऐकायचं आहे हे ओळखून बोलणारे साक्षीदार त्यांत किती होते, असा प्रश्न पुढच्या इतिहासकारांनी रास्तपणे विचारला आहे. तीच समजूत पसरत जाऊन 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. 31 ऑगस्ट 1952 ला त्या विमुक्त झाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी वस्तीवरच्या माणसाला विचारा, चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे येते. एका लबाड माणसाची हकिगत नीट न वाचल्याचे परिणाम इतके लांब जाऊ शकतात.

आणखी एक आशा आहे. हे पुस्तक वाचून इथल्या कुणा तरुण लेखकाने स्वतःची कथा लिहावी. माणसं आपल्याजवळ आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांची टोळी, टोळीचा मुकादम, आणि मुकादमाने आधी दिलेली उचल. हिशेबाची वही मुकादमाकडे. उचल घेऊन पळालेला माणूस आणि उचलीपायी डांबून ठेवलेला माणूस, दोन्ही बातम्या आपण वाचतो. अशा एखाद्या मुकादमाने, किंवा दोन मुकादमांकडून उचल घेऊन बसलेल्या मजुराने, आपण कुणाला फसवलं नाही असं शपथेवर सांगायला सुरुवात करावी, आणि बोलता बोलता वहीतला एक आकडा बदलावा. कारखान्याच्या भोंग्याने रात्री त्याची झोप का उडते, हे त्याने न विचारता सांगून टाकावं. या कथेला पोची गरज नाही. तिच्या लेखकाला खोटं ऐकायचा कान हवा, आणि खोटं बोलणाऱ्याबद्दल थोडी माया.

माया शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. पोच्या नायकाने निष्पाप म्हाताऱ्याला मारलं, त्याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी. पण तो कुणाला तरी ही हकिगत सांगतो आहे. डॉक्टरला, न्यायाधीशाला, की कोठडीतल्या सोबत्याला, हे लेखकाने सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याची ती जागा रिकामी ठेवली आहे आणि आपण तिथे जाऊन बसतो. त्याचं प्रत्येक वाक्य तपासत, तरी शेवटपर्यंत ऐकत.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे. कथा आधी वाचा, माझं विवेचन मागून. पहिल्यांदा सलग वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि त्याने न विचारता सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ ओढा. तुमच्या रेघा माझ्याहून वेगळ्या ठिकाणी पडल्या तर त्या पुसू नका. वर्गात घेऊन या, त्यावर बोलू.